दाराशी बसलेल्या नंबरबाई

आचाऱ्याने नंबरबाईंना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांनी त्याच्या हातात पितळी बिल्ला ठेवला आणि बाकाकडे बोट दाखवलं.

तो खरं तर इमारत बघायला आला होता. हातात किल्ल्यांचा जुडगा, खिशात मोजपट्टी आणि डोक्यात त्याचं होऊ घातलेलं हॉटेल. दवाखाना बंद होऊन सात महिने झाले होते. तसा कागदही दारावर चिकटवलेला होता. पण कुलूप काढायला गेला तर दार उघडंच होतं, आणि आत टेबलामागे इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतली एक बाई ताठ बसली होती. समोर वही, शेजारी बिल्ल्यांचा डबा.

"बसा. तुमच्या आधी कुणी नाही, पण बसा."

"मी पेशंट नाही हो."

"सगळे असंच म्हणतात."

आचारी बसला. पांढऱ्या कपड्यांतल्या बाईने बस म्हटलं की बसायचं, असं त्याचं बालपण गेलेलं होतं. समोरच्या भिंतीवर दृष्टी तपासायचा अक्षरांचा तक्ता होता, तो त्याने वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. पंचवीस मिनिटं झाल्यावर त्याने धीर करून विचारलं, "डॉक्टर कधी येणार?"

"डॉक्टर सात महिन्यांपूर्वी वारले."

"मग मी कशासाठी बसलोय?"

"आलात तेव्हा धाप लागली होती तुम्हाला. आता उतरली. बोला, काय काम काढलंत?"

काम असं होतं की आचाऱ्याने आणि त्याच्या थोरल्या बहिणीने ही इमारत भाड्याने घेतली होती. डॉक्टरांची मुलगी दूरच्या शहरात राहायची. तिने करारात एक कलम घातलं होतं: मागची खोली, जिथे पूर्वी सलाईनच्या बाटल्या ठेवत, तिथे नंबरबाई राहतात, त्या या जागेत कामावर असेपर्यंत खोली त्यांची. काम सुटलं की खोली रिकामी. डॉक्टरांची मुलगी मोठ्या मनाची होती, पण मन किती मोठं करायचं याचं माप तिच्याकडे होतं.

ताईने ते कलम वाचून हात झटकला होता. "एक म्हातारी ना? भांडी घासेल, नाहीतर कंटाळून जाईल."

ताईच्या आयुष्यात हिशोब चुकण्याचे प्रसंग फार थोडे आले. हा त्यांतला एक.

नंबरबाईंनी एकतीस वर्षं त्या टेबलामागे बसून नंबर दिले होते. त्या नर्स नव्हत्या, कंपाउंडर नव्हत्या, त्यांच्या कामाला नीट नावही नव्हतं. म्हणून लोकांनी नंबरबाई म्हणायला सुरुवात केली आणि मग खरं नाव विचारायचं राहून गेलं. भांडी घासायचं काम सांगितल्यावर त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते माझ्याकडे नसतं." भाजी चिरायचंही त्यांच्याकडे नसायचं. पुसायचंही नाही. शेवटी ताईने विचारलं, "मग तुमच्याकडे असतं तरी काय?"

"दार."

तर दार त्यांना मिळालं.

हॉटेल तीन महिन्यांत उभं राहिलं. इमारतीचा आत्मा जपायचा असं ताईने ठरवलं होतं, त्यामुळे ओल आलेल्या भिंतींना कुणी हात लावला नाही. अक्षरांचा तक्ता राहिला, बाक राहिले, बिल्ले राहिले. वजनाचा काटा दाराजवळ ठेवला. जेवायला येणारी माणसं हौसेने त्यावर उभी राहत. जेवून जाताना मात्र एकही जण तिकडे बघत नसे. तपासणीच्या खोलीत दोघांसाठी एकांताचं टेबल लागलं. औषधं बनवायच्या खोलीत भट्ट्या आल्या, आणि ज्या खिडकीतून पूर्वी लाल मिक्स्चरच्या बाटल्या बाहेर यायच्या, तिथूनच आता लाल रश्शातल्या नूडल्सचे वाडगे येऊ लागले. फरक वासावरूनच कळायचा.

पूर्वेकडच्या सात देशांचं जेवण एका पानावर छापलेलं होतं. आचारी अकरा वर्षं मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. ते सातही देश त्याने बंदराच्या भिंतीपर्यंत पाहिले होते, पण तिथलं जेवण जहाजावरच्या सोबत्यांकडून मन लावून शिकला होता. त्याचं सूप पिऊन माणसं दोन मिनिटं बोलत नसत. ताई गावाबाहेर फारशी गेली नव्हती, त्यामुळे अस्सल पौर्वात्य वातावरण निर्माण करायची जबाबदारी तिच्याकडे होती. तिने बांबूचे पडदे लावले आणि भावाला सगळ्यांनी शेफ म्हणावं असा फतवा काढला. नंबरबाई त्याला आचारी म्हणत राहिल्या. तोही शेफ म्हटल्यावर पटकन वळून बघत नसे.

जागा लहान आणि सूप चांगलं, त्यामुळे दाराशी गर्दी व्हायला लागली. इथे नंबरबाईंचं कसब दिसलं, आणि तिथेच घोटाळा सुरू झाला.

ज्याचा बिल्ला आधीचा, त्याला आधी आत सोडायचं, अशी साऱ्या जगाची समजूत असते. नंबरबाईंची नव्हती. बिल्ला हा माणूस जागेवर बसून राहावा म्हणून द्यायचा असतो; आत कुणाला कधी सोडायचं ते माणसाकडे बघून ठरवायचं. ओठांचा रंग बघायचा, कसा उभा आहे ते बघायचं, खुर्चीची पाठ धरतोय का ते बघायचं. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. पुढे डॉक्टरांच्या जागी डंपलिंग आले म्हणून पद्धत बदलायचं त्यांना काही कारण दिसलं नाही.

"अहो, मी सात नंबर! हे बारा नंबरवाले आत कसे गेले?"

"त्यांच्या पायाला सूज आहे."

"आणि मी?"

"तुम्हाला अर्धा तास उशिरा जेवलेलं चांगलं."

त्या गृहस्थांनी आपल्या पोटाकडे पाहिलं, बायकोने दुसरीकडे पाहिलं, आणि वाद मिटला. पण सगळेच इतके समजूतदार नसतात. एका जोडप्याचं बाकावरच भांडण चाललेलं पाहून नंबरबाईंनी त्यांना दोन वेगळ्या टेबलांवर बसवलं. कुणाचा तिखट रस्सा खिडकीतून परत जाऊन साधं सूप होऊन यायचा, कारण बाहेर बसल्या बसल्या त्याने तीनदा छाती चोळलेली असायची. लोक इंटरनेटवर लिहायला लागले. ताई ते रोज सकाळी मोठ्याने वाचून दाखवायची. त्यांतलं एक आचाऱ्याने चोरून जपून ठेवलं होतं: "जेवण उत्तम. दारातल्या बाईंनी मला जीभ दाखवायला सांगितली. मी दाखवली. का दाखवली ते मला अजून कळलेलं नाही."

"हसतोस काय?" ताई म्हणाली. "हे हॉटेल आहे की धर्मादाय आरोग्य तपासणी?"

"लोक परत येतात ना पण, ताई."

"घाबरून येतात! हे बघ, रविवारी दुपारी विमा कंपनीचे बारा अधिकारी येतायत. त्यांना आवडलं तर त्यांच्या कचेरीचं रोजचं जेवण आपल्याकडे. त्या दिवशी एक, फक्त एक तक्रार आली, की बाई दारावरून जाणार. आणि दारावरून गेल्या की खोलीतूनही जाणार. करारात आहे. जाऊन सांग त्यांना. तुला मावशी-मावशी करायला आवडतं ना? मग तूच सांग."

आचाऱ्याने जाऊन सांगितलं. सांगताना त्याने मधेच सुपाचा विषय काढला, हवेचा विषय काढला, पण शेवटी सांगितलं. नंबरबाईंनी वहीतून मान वर केली.

"खोलीपण?"

"हो, मावशी."

"बरं," त्या म्हणाल्या. "बारा म्हणजे लांब टेबल लागेल. भिंतीकडचं लावा, वारं लागणार नाही."

त्या रात्री नंबरबाईंच्या खोलीचा दिवा उशिरापर्यंत चालू होता की नाही, हे आचाऱ्याला माहीत नाही. त्याने दुसऱ्या दिवशी इतकंच पाहिलं की त्यांनी वहीत रविवारच्या पानावर "बारा, विमा" असं सुवाच्य अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. नियमाने वागायचा त्यांनी मनापासून निश्चय केला होता. तो शनिवार संध्याकाळपर्यंत काटेकोर पाळलाही.

रविवारी सकाळी ताईने पाहुण्यांसाठी खास सजावट केली. बाकांच्या वर एका ओळीत मोठे पिवळे कागदी कंदील टांगले. आत दिवे लावले. जागा एकदम बदलली, हे खरंच होतं. त्या प्रकाशात ताईचा स्वतःचा चेहरासुद्धा काविळीचा वाटत होता, पण तो ती कसा बघणार?

पाऊण वाजता हॉटेल तुडुंब भरलं होतं. फक्त भिंतीकडचं लांब टेबल रिकामं, त्यावर राखीवची पाटी. तेवढ्यात एक मध्यमवयीन गृहस्थ आत आला. एकटाच. धापा टाकत, कपाळावर घाम, उजवा हात छातीवर घट्ट दाबलेला. त्याने एकोणीस नंबरचा बिल्ला घेतला आणि कंदिलाखाली बसला.

नंबरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. वहीकडे पाहिलं. परत त्याच्याकडे पाहिलं. चेहरा हळदीसारखा, डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा, हात छातीवरून हलत नाही. वहीतल्या दोन रेघा त्यांना स्पष्ट दिसत होत्या.

त्या उठल्या, त्याचा दंड धरला, आणि बारा खुर्च्यांच्या टेबलाच्या एका टोकाला त्याला अलगद बसवलं. "सावकाश," त्या म्हणाल्या. "आधी पाणी. घाई करायची नाही. आता तुम्हाला कुणी उठवणार नाही."

"वा!" गृहस्थ म्हणाला. अशी सेवा त्याला कुठे मिळाली नव्हती.

पाचच मिनिटांत बारा अधिकारी आले. सगळ्यात पुढे मोठे साहेब, मागे उतरत्या पगाराने बाकीचे. नंबरबाईंनी बारा बिल्ले मोजून दिले आणि बाक दाखवले.

"आमचं टेबल राखीव आहे," साहेब म्हणाले.

"आहे ना. पण तिथे सध्या पेशंट आहे. त्याच्याभोवती गर्दी नको. बसा."

साहेब बसले. पांढऱ्या कपड्यांचा हा गुण त्यांच्या पदालाही पुरून उरला.

ताई धावत आली. "बाई, उठवा त्याला!"

"पेशंटला उठवत नाहीत."

ताई स्वतः टेबलाकडे गेली. "माफ करा, हे टेबल..."

"मला बाईंनी बसवलंय," गृहस्थ म्हणाला. "कुणी उठवणार नाही म्हणाल्यात." आणि त्याने नूडल्सचा मोठा वाडगा मागवला. मग तळलेले डंपलिंग. मग डंपलिंग चांगले होते म्हणून आणखी एक ताटली. खिडकीतून आचारी हताशपणे बघत होता. कढई सोडून बाहेर यायची सोय नव्हती. बाकांवर बारा माणसं बारा बिल्ले हातात धरून बसली होती, आणि त्यांच्या अगदी समोर, बारा खुर्च्यांच्या टेबलावर एकटा बसून, तो अत्यवस्थ इसम तळलेल्या केळ्यावर आइस्क्रीम ओतून घेत होता.

खाऊन झाल्यावर त्याने दात कोरायची काडी मागितली. मग छातीच्या खिशातून, जो तो आल्यापासून दाबून धरत होता, जादूच्या खेळाचं तिकीट काढून वेळ बघितली. बसमागे पळत आल्यामुळे ते खिशातून पडेल अशी त्याला धास्ती होती. उठून उन्हात दारापर्यंत आला, तेव्हा त्याचा चेहरा चांगला टवटवीत गुलाबी होता.

"हा तुमचा पेशंट?" साहेबांनी विचारलं.

 नंबरबाई वर कंदिलाकडे बघत होत्या.

साहेब उठले, तसे सगळे उठले. नंबरबाईंनी त्यांच्याकडून बिल्ले परत घेतले, बाराच्या बारा, आणि मोजून डब्यात टाकले. विमा कंपनीचं रोजचं जेवण त्या दिवशी दुपारी पावणेदोनला आपल्या पायांनी दाराबाहेर गेलं.

चार वाजता हॉटेल रिकामं झाल्यावर आचारी बाकावर येऊन बसला. ताईने त्याला वाक्य तयार करून दिलं होतं, आणि ते छान होतं, त्यात 'परस्पर सामंजस्य' असा शब्द होता.

"मावशी," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"चूक झाली ना पण तुमची?"

"झाली. कंदिलाने घात केला. पण कंदील नसता तरी झाली असती." त्या वही मिटून बसल्या होत्या. "तुला काय वाटतं, तिकडे चूक होत नव्हती? रोज व्हायची. मी कुणाला तरी धावत आत पाठवायची, आणि संध्याकाळी डॉक्टर म्हणायचे, बाई, तुमचा आठ नंबर म्हणजे नुसता गॅस. हसायचे. माझं चुकलं की कुणाला तरी पंधरा मिनिटं जास्त बसावं लागतं. तेवढंच."

"आणि बरोबर निघालं तर?"

"तर डॉक्टर बाहेर येऊन काही बोलायचे नाहीत. नुसते उभे राहायचे माझ्या टेबलाशी."

"असं किती वेळा झालं?"

"सात वेळा."

"वर्षात?"

"एकतीस वर्षांत."

आचाऱ्याने मनातल्या मनात हिशोब करून पाहिला की सात वेळांसाठी किती हजार माणसं पंधरा-पंधरा मिनिटं जास्त बसली असतील. हिशोब जमेना. परस्पर सामंजस्यही जमेना.

"मावशी, दुसरं काही काम घ्या ना. भाज्या निवडा नुसत्या. नावाला. खोली राहील."

"नावाला काम केलं की ते कळतं रे बाबा सगळ्यांना. माझी एक ट्रंक आहे. उद्या सकाळी टेम्पो मिळेल का बघ. चुलत बहिणीकडे जाईन. तिला मी आवडत नाही, पण तिचा पत्ता माझ्याकडे आहे."

सोमवारी आचारी टेम्पो घेऊन सकाळी सव्वासातला आला. एरवी तो अकराला यायचा. एवढ्या सकाळी त्याने आपलं हॉटेल कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे दारातच थबकला. बाकांवर नऊ माणसं बसली होती, बहुतेक म्हातारी, प्रत्येकाच्या हातात बिल्ला. टेबलामागे नंबरबाई, आणि बाजूला दोरीने बांधलेली ट्रंक.

"हे कोण?" त्याने हळूच विचारलं.

"आमचे जुने. दवाखाना बंद झाल्यापासून येतात. कुठे जायचं ते विचारायला. मी काय, बघते आणि सांगते." त्यांनी चार नंबरला हाक मारली. "तुम्ही आजच मोठ्या रुग्णालयात जायचं. आजच. मुलाला फोन करा, नाहीतर मी करते. सहा नंबर, तुमचं गुरुवारपर्यंत चालेल. दोन नंबर..." दोन नंबरच्या आजोबांकडे त्या जरा वेळ बघत राहिल्या. "काल काय जेवलात?"

"बिस्किटं."

"परवा?"

आजोबांनी आठवायचा प्रयत्न केला. "ती गेल्यापासून नेमकं सांगता यायचं नाही."

"यांना काही झालेलं नाही," नंबरबाई आचाऱ्याला म्हणाल्या. "यांना भूक लागलीय. तीन, पाच आणि नऊ नंबरचंही तेच आहे. याच्यावर माझ्याकडे औषध नाही."

आचाऱ्याने टेम्पोवाल्याला थांबायला सांगितलं आणि भट्टी पेटवली. सकाळी हाताशी काय होतं? तांदूळ, पाणी, आलं. जहाजावर वादळात कुणाच्या पोटात काही ठरत नसे तेव्हा त्याचा चिनी सोबती जी करायचा, ती मऊ भाताची पेज त्याने टाकली. हॉटेलच्या पानावर ती शेवटच्या ओळीत होती आणि आजवर कुणी मागवली नव्हती. वर पातीचा कांदा, सोया सॉसचे चार थेंब. खिडकीतून वाडगे बाहेर आले. नंबरबाईंनी ते बिल्ल्यांच्या क्रमाने अजिबात दिले नाहीत.

दोन नंबरच्या आजोबांनी पहिला चमचा घेतला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे."

"मुद्दाम," नंबरबाई म्हणाल्या. "तुम्हाला रक्तदाब आहे."

अर्ध्या तासाने टेम्पोवाल्याने आत डोकावून विचारलं, "न्यायचं काय आहे?"

"बसा," नंबरबाई म्हणाल्या. त्यालाही वाडगा मिळाला. मग तो रिकामाच परत गेला.

ताई अकराला आली. ट्रंक पाहिली, भट्टीवरचं पातेलं पाहिलं, भावाकडे पाहिलं. त्यांचं बोलणं औषधांच्या खोलीत दार लावून झालं. बाहेर ऐकू आलं ते असं: "दारावर नको म्हणालीस ना? दुपारी नाहीच त्या दारावर!" मग "करारात फक्त 'कामावर' लिहिलंय, किती वाजता ते लिहिलेलं नाही."  मग ताईचा आवाज, जरा वेगळा: "त्या आजोबांनी पैसे दिले?"

"सगळ्यांनी दिले. मी नको म्हटलं तर एकजण रागावले."

आठवड्याभरात बाहेर नवी पाटी लागली. तीवर नागमोडी अक्षरांत 'प्रभात आरोग्य-वाडगा, पूर्वेची प्राचीन परंपरा' असं लिहिलेलं होतं. ही कल्पना आपल्याला पहाटे स्वप्नात सुचली, असं ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. आचारी मान डोलावतो. कंदील तिने स्वतःच काढले, धूळ फार बसते म्हणून.

दुपारी आणि संध्याकाळी आता दारावर एक टॅब्लेटवाली मुलगी असते. ती ज्याचा नंबर आधी त्याला आधी सोडते. तक्रारी येत नाहीत. जीभ दाखवायची तयारी करून आलेले जुने ग्राहक जरा हिरमुसतात, एवढंच.

नंबरबाई आता सदुसष्ट वर्षांच्या आहेत. सकाळी सात ते दहा त्या दाराशी असतात, मागच्याच खोलीत राहतात, आणि दुपारी एक ते तीन झोपतात.